शेरा

साठवण तलावाच्या सांडव्यापाशी
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक खांब पाण्यात उभा आहे.
सकाळी आठला त्याच्यावरचा आकडा वाचायचा,
रजिस्टरात भरायचा. एवढीच माझी नोकरी.
तारीख, पातळी, साठा, सही.
शेवटचा रकाना : शेरा.

माझ्या आधी इथं खाजामियाँ होते, एकोणतीस वर्षं.
सुरुवातीच्या पानांवर निरंक, निरंक, निरंक,
तुरीच्या तासासारखं सरळ.
मग एका कार्तिकात, आकड्याच्या शेजारी, निळ्या शाईनं :
'परीट आला. एकटाच. शेपूट हालवायलाय.'

तिथून पुढं निरंक नाही.

'येळवस. गावानं कोपीत बोलवून आंबील पाजली.
पाण्यावर पट्टकादंब बावीस.
डोक्यावर दोन काळे पट्टे, आपल्या खांबावानी.
हिमालय वलांडून येतेत म्हणं.
मला लातूरला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतेत.'

माघातल्या एका पानावर नुसतं :
'भोरड्या. मोजता आल्या नाहीत.'
त्या दिवसाचं मला ठाऊक आहे, मी तिथंच होते.
शाळू हुरड्याला आलेला, माळ्यावर आमचा दिगंबर,
गोफणीत दगड घालून, हात मागं नेलेला.
थवा वळला, मिटला, परत उलगडला,
कुणी घोंगडी झटकावी तसा.
दगड गोफणीतच राहिला.
चुलती खालून शिव्या देत होती,
मग तीही गप झाली, डोळ्यांवर आडवा हात धरून.
पाच-सहा पायल्या ज्वारी गेली असेल.

चैत्रात नीलपंख तारेवरून आभाळात चढतो
आणि पाय घसरल्यासारखा कोसळत येतो. सगळं नाटक.
मादी दुसऱ्या तारेवर, पाठ करून.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली
खांब बुडापर्यंत उघडा पडला होता.
महिनाभर पातळीच्या रकान्यात एक आडवी रेघ.
शेऱ्यात :
'टिटवीनं तळ्याच्या मधोमध अंडी घातली. चार.
भेगांच्याच रंगाची. पाय पडता पडता राहिला.'
'आज लांबून वळसा घातला.'
'आजबी.'
'तीन निघाली. चौथ्याचं म्हाईत नाही.'

तपासणीला आलेल्या साहेबांनी
लाल पेनानं गोल केलाय : हा काय प्रकार?
त्याखाली निळी शाई :
'साहेब, पाणी किती ते आकड्यात हाय.
पाणी कुणाचं, ते इथं लिहितो.'
पुढं साहेबांची नुसती सही.

माझं अक्षर त्यांच्याइतकं बरं नाही.
भाद्रपदात मी लिहिलं : विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे सतरा,
पाच अर्धे सोडलेले, मादीला पसंत पडले नाहीत.
नर परत पात ओढायला उसात गेला.
एकदा एक तपकिरी पाखरू चिखलात दिसलं,
नाव कळेना, तर रकान्यात पेन्सिलीनं त्याची चोच काढली.
ती उगीच फार लांब झाली, शिक्क्याच्या जागेत गेली.

खाजामियाँ आता निलंग्याला, लेकाकडं.
एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसरा धूसर.
सव्वाआठला त्यांचा फोन येतो. पातळी विचारत नाहीत.
'महानंदा, कोण आलंय?'
मी सांगते. कधी फोन नुसता पाण्याकडं धरते,
ते ऐकतात आणि माझ्या चुका दुरुस्त करतात :
'ती टिटवी नव्हं गं, तुतवार हाय.'

आज मी म्हणाले, कुणीच नाही, चार बगळे.
'थांब,' ते म्हणाले. 'बोलू नको.'
मी हात लांब करून उभी राहिले.
वारा, दूर कुणाची तरी मोटार.
'करकोचे. लई उंच हायेत.'
मी मान वर केली. निळं, निळं, निळं.
बऱ्याच वेळानं दिसली,
सुईत दोरा ओवताना निसटावा तशी एक बारीक रेघ,
दक्षिणेकडं सरकणारी.

तारीख, पातळी, साठा, सही.
शेरा : करकोचे. उतरले नाहीत.
ऐकणार : खाजामियाँ, निलंग्याहून.